लॉकडाऊनची चित्रं काढून घेताना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

वाचनालयाच्या हॉलमध्ये कॉलेजच्या मुलांकडून लॉकडाऊनच्या दिवसांवर चित्रं काढून घ्यायचा तुमचा बेत कळला. फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, सगळ्यात आधी एक विनंती. याची स्पर्धा करू नका. बक्षीस जाहीर झालं की तासाभरात मास्क घातलेली पृथ्वी, हात जोडलेला डॉक्टर आणि काटेरी हिरवा विषाणू यांनी भिंत भरून जाईल. शाळेच्या पोस्टर स्पर्धांसाठी मुलांनी हे इतक्यांदा काढलंय की त्यांच्या हाताला ते पाठ आहे. सातवी-आठवीच्या वयात मित्र, मैदान, मधली सुट्टी सगळं एकाएकी बंद झालं, तेव्हाचं त्यांचं स्वतःचं काही त्यात सापडत नाही.

ते सरळ विचारूनही मिळत नाही. ‘तुला एकटं वाटायचं का?’ असं विचारलं की मुलं खांदे उडवतात. ‘घरात रेंज कुठे यायची?’ असं विचारलं की लगेच हात चालू लागतो. म्हणून जागा, वस्तू, वेळ यांच्यापासून सुरुवात करायची. मनातलं त्यांच्या मागून येतं.

मुलं बारापेक्षा जास्त नकोत, नाहीतर प्रत्येकाजवळ बसायला तुम्हा दोघांना वेळ पुरणार नाही. चार रविवार, दर वेळी दोन तास. कार्ट्रिजचे, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदाचे, तीस फुल शीट आणा आणि प्रत्येकाचे चार तुकडे करा, म्हणजे साधारण ३८ बाय २८ सेंटिमीटरचे १२० कागद होतील. बारा जणांना ते चारही रविवार पुरून उरतात. फार पातळ कागद घेऊ नका, कोळशाने घासला की फाटतो. कोळशाच्या कांड्या, ऑइल पेस्टल, काळे बॉलपेन, मास्किंग टेप आणि जुन्या सुती फडक्यांचे तुकडे एवढं पुरे. पोस्टर कलर पहिल्या दिवशी काढूच नका. रंग समोर आले की मुलं आधी आकाश निळं करायला बसतात. खोडरबर तर चारही दिवस कपाटातच राहू दे.

पहिल्या दिवशी भिंतीवर ब्राउन पेपरची लांब पट्टी लावा आणि तिच्यावर तारखा लिहा. त्या दोन वर्षांचा मुलांच्या डोक्यात एक गोळा झालेला असतो, कुठलं आधी कुठलं नंतर ते आठवत नाही. २२ मार्च २०२० जनता कर्फ्यू. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन, आधी २१ दिवसांचा म्हणून जाहीर झालेला. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटांचे दिवे. दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द. २०२१चा एप्रिल-मे म्हणजे दुसरी लाट. त्या वर्षी दहावी-बारावीची परीक्षाच झाली नाही. ४ ऑक्टोबर २०२१ला गावांत पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून शाळा उघडल्या, जानेवारी २०२२मध्ये पुन्हा बंद आणि २४ जानेवारीपासून पुन्हा सुरू. मधल्या जागा रिकाम्या सोडा. मुलं उठून आपापलं भरतात: आजीला गावाला नेलं, क्लाससाठी मोबाइल घेतला, सायकल विकली. पंधरा मिनिटांत पट्टी भरते आणि चित्राचे विषयही तिथेच मिळतात.

मग मुख्य काम, घराचा नकाशा. तेव्हा राहत होतात ते घर छप्पर उचलून वरून बघितल्यासारखं काढा, असं सांगायचं. मोजपट्टी वापरायची नाही, कोळशाने थेट कागदावर. कोण कुठे झोपायचं, ऑनलाइन तासाला कुठे बसायचात, चार्जिंगचा पॉइंट कुठे, बाहेर दिसायचं ती खिडकी कुठली, रडायला किंवा नुसतं एकटं बसायला कुठे जायचात. हा शेवटचा प्रश्न बाकीचे सगळे झाल्यावर, सहज स्वरात विचारायचा, आणि उत्तर तोंडी मागायचं नाही. चाळीस मिनिटं द्या. वीस मिनिटांनंतर मुलं ‘झालं’ म्हणतात. तेव्हा पेस्टल हातात द्या आणि जिथे सगळ्यात जास्त वेळ गेला तेवढाच भाग रंगवायला सांगा.

बाबा, इथे तुम्हाला हात आवरावा लागेल. स्मरणचित्र शिकवताना प्रमाण चुकलं की तुम्ही लगेच दुरुस्त करता, आणि परीक्षेसाठी ते योग्यच होतं. इथे चुकलेलं प्रमाण हाच खरा मजकूर असतो. चार्जिंगचा पॉइंट पलंगाएवढा येईल. बाहेरचं दार कागदाच्या पार कोपऱ्यात, काडेपेटीएवढं. वन रूम किचनमध्ये सहा माणसं राहत असतील तर स्वयंपाकघर कागदावर मावणारच नाही, मुलं दुसरा कागद मागतील. द्या आणि मागून मास्किंग टेपने जोडा. सेलोटेप नको, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि काढताना कागदाचा थर घेऊन निघते. एखाद्या घरात स्वतः काढणारं मूलच दिसत नाही, बाकी सगळी माणसं असतात. तिथे ‘तू कुठेयस?’ एवढंच विचारा आणि पुढे चला.

काळं दिसलं म्हणून दुःख असा अर्थ लावू नका. कोळसा आपणच दिलाय, तो काळाच उमटणार.

दुसऱ्या रविवारी कागद चार वेळा घडी घाला, म्हणजे सोळा चौकटी पडतात. त्यांत एक दिवस काढायचा, सकाळी डोळे उघडण्यापासून रात्री झोप येईपर्यंत. प्रत्येक चौकटीला दोन मिनिटं, आई घड्याळ बघेल. दोन मिनिटांत छान चित्र निघत नाही, म्हणूनच तेवढीच द्यायची. सहाव्या-सातव्या चौकटीपर्यंत तेच तेच येऊ लागलं की मुलं विचारतात, ‘पुन्हा तेच काढू?’ हो म्हणा. पाच चौकटींत तोच मोबाइल, तीच गादी, तोच पंखा आला की तो कंटाळा पाहणाऱ्यालाही सोसावा लागतो.

नॉर्वेच्या एडवर्ड मुंक या चित्रकाराचं १९१९चं स्वतःचं चित्र मुलांना जरूर दाखवा. स्पॅनिश फ्लूच्या साथीतलं आहे: वेताच्या खुर्चीत बसलेला माणूस, अंगावर पांघरूण, चेहरा निस्तेज, तोंड उघडं. पण हे काम संपल्यावर दाखवा. आधी दाखवलंत तर बाराही मुलं खुर्ची काढतील.

तिसरा रविवार पुस्तिकेचा. ए-फोरचा साधा झेरॉक्सचा कागद लांबीच्या बाजूने मधोमध दुमडून उघडा. आता आडवा मधोमध दुमडा, पुन्हा एकदा तसाच दुमडा आणि पूर्ण उघडा. आठ घरं दिसतील. परत एकदाच आडवा दुमडा आणि दुमडलेल्या कडेकडून मधल्या घडीवर, पहिली उभी घडी लागेपर्यंतच कापा. कात्री पुढे गेली की कागदाचे दोन तुकडे होतात; निम्मी मुलं पहिला कागद तिथेच घालवतात, म्हणून जास्तीचे कागद ठेवा. उघडल्यावर मधोमध चीर दिसेल. आता लांबीच्या घडीवर दुमडून दोन्ही टोकं आत ढकला, चीर उघडून अधिकचं चिन्ह होतं, ते मिटलं की आठ पानांची पुस्तिका तयार.

काढायला बसण्याआधी घडी घातलेल्या पुस्तिकेवरच पेन्सिलीने पानांचे आकडे टाकायचे आणि मग कागद उघडायचा. तसं केलं नाही तर अर्धी पानं उलटी येतात, कारण वरच्या ओळीतली घरं घडीत डोक्यावर उभी राहतात. चारही कडांना एक सेंटिमीटर मोकळं सोडा, झेरॉक्स मशीन कडेपर्यंत छापत नाही. काम बॉलपेन किंवा काळ्या मार्करने करायचं, पेन्सिल आणि फिका पेस्टल झेरॉक्समध्ये उडतात. पुस्तिकेचा मोठा फायदा हा की ती मिटते. भिंतीवर लावायला लाजणारी मुलंसुद्धा खिशात मावणाऱ्या कागदावर मोकळी होतात. झेरॉक्स काढायचीच असेल तर ज्याची पुस्तिका त्यानेच दुकानात न्यायची.

आई, तुझं काम सगळ्यात नाजूक आहे. प्रत्येकाजवळ दोन-तीन मिनिटं बस आणि ‘हे काय आहे?’ एवढंच विचार. ‘का?’ विचारू नकोस, त्याने मुलं बचावाचं बोलायला लागतात. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत एका चिठ्ठीवर लिही आणि त्यांना वाचून दाखव. शुद्धलेखन सुधारू नकोस, इंग्रजी शब्द आले तर तसेच राहू देत. चिठ्ठी ठेवायची की फाडायची ते त्यांनी ठरवायचं.

दुसऱ्या लाटेत घरातलं माणूस गेलेलं, शेवटचं दर्शनही न झालेलं एखादं मूल या बारांत असेल. त्याला चित्र दाखवायला लावू नका. कोणालाही मधेच उठून बाहेर जायची मुभा आहे, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा. कोणी रडलं तर वर्ग थांबवू नका, बाकीच्यांना आपापलं काढू द्या; आई, तू त्याच्या शेजारी बस. जगावंसं वाटत नाही असं कोणी बोललं किंवा काढलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर त्याच्यासोबत बसूनच फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. नंबर हॉलच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा, म्हणजे कोणालाही तो मागावा लागणार नाही.

शेवटच्या रविवारी भिंतीवर काय लावायचं ते मुलंच निवडतील. अठराच्या आतल्यांसाठी आई-वडिलांची लेखी परवानगी घ्या आणि एकही चित्र वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, घराच्या नकाशात घरातल्या फार गोष्टी उघड असतात. पण प्रत्येक चित्राच्या मागे नाव, वय, गाव आणि तारीख पेन्सिलीने घालाच. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना डांबलेल्या तेरेझिनच्या कोंडवाड्यात फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची चित्रकार कैदेतल्या मुलांचे चित्रकलेचे वर्ग घ्यायची. १९४४मध्ये तिला आउशवित्झच्या छळछावणीत नेऊन मारलं, त्या मुलांमधलीही बहुतेक मारली गेली. दोन सुटकेसांत लपवून ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रं मात्र वाचली, ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. मुलांनी चित्रांवर नावं घातली होती, म्हणून कुठलं चित्र कोणाचं हे आज कळतं.

कोळशाच्या चित्रांवर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे, अंगणात मारा, हातभर अंतरावरून, दोन हलके हात. जवळून मारलं तर थेंब ओघळतात. केसांचा स्प्रे वापरू नका, तो पिवळा पडतो. लॅमिनेशन अजिबात नको, ते कधीच काढता येत नाही आणि उष्णतेने पेस्टल वितळतं. दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालून सपाट फाइलमध्ये ठेवा, गुंडाळी करू नका. फाइल वाचनालयाच्या खालच्या कपाटात नको, पावसाळ्यात तिथे ओल येते आणि कसर लागते. वरच्या कप्प्यात ठेवा आणि दर दिवाळीला उघडून हवा द्या.

कार्ट्रिज इथून पार्सलने पाठवते, गावातल्या दुकानात चांगला मिळायचा नाही. फिक्सेटिव्हचे डबे कुरिअरवाले घेत नाहीत, ते बाबा तुम्ही जिल्ह्याच्या गावाहून आणा, दोन पुरतील. फुल शीट कापायला पोलादी पट्टी आणि कटर घ्या, कात्रीने कडा वेड्यावाकड्या येतात. आणि आई, मुलांबरोबर जमिनीवर बसू नकोस, गुडघ्यांना त्रास होईल. वाचनालयातून एक बुटकी खुर्ची आधीच मागून ठेव.

तुमची,
रेवती