संज्या, ते स्टील घ्यायचं का नाही

प्रिय संज्या,

काय करालास लगा? तुझा मेसेज आला तेव्हा मी ऑर्केस्ट्राच्या प्रॅक्टिसला होतो, म्हणून नुसतं "सांगतो नंतर" एवढंच टाकलं. पण हे फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा नीट लिहिलेलं बरं, म्हणून आज दुकान लवकर बंद करून बसलोय.

अमेरिकेतनं परत आलेला कुणीतरी पुण्यात पेडल स्टील, म्हणजे पायांवर टेबलासारखी उभी, पेडलं लावलेली हवाईयन गिटार, विकालाय, सिंगल नेक, दहा तारांचं, आणि ब्रँडचं नाव कुणी ऐकलेलं नाही, तर घ्यावं का, असं तू विचारलंस. माझं मत घे असंच आहे. फक्त नावाकडं बघू नको आणि खालची मशिनरी बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.

तुझ्यासाठी मी दोघा-तिघांना विचारलं. ज्यांच्याकडं आपण हवाईयन गिटारवाल्या व्हॅन शिपलीच्या रेकॉर्डी ऐकायला जायचो ते मुंबईचे काका म्हणाले, अजिबात नको, घ्यायचं तर एमन्स, शो-बड, मलन असलं काहीतरी घे, उद्या कंटाळा आला तर विकता तरी येतं. आता काकांचं म्हणणं अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये शंभर टक्के खरं आहे रे, तिथं एमन्स आज ठेवला तर उद्या जाईल. पण पुण्यात एमन्स तरी कोण घेणार? इथं बघायला येणारा पहिलं हेच विचारणार की ही इस्त्रीची टेबलं कितीला. रीसेल हा मुद्दाच आपल्याकडं लागू होत नाही, ब्रँड कुठलाही असूदे.

गोव्याचा तो क्लबात वाजवणारा आहे ना, तो बरोबर उलट बोलला. म्हणतो आवाज सगळा हातात आणि व्हॉल्यूम पेडलवरच्या पायात असतो, ब्रँड-बिंड काय नसतंय. हे ऐकायला भारी वाटतं पण अर्धंच खरं आहे. आपल्या साध्या हवाईयन गिटारला ते चालतं, कारण तिथं लाकूड, तारा आणि तारांवरनं सरकवायचा बार, बिघडायला आहेच काय? पेडल स्टीलचा जीव मशिनरीत असतो. बार सरकवला की सगळ्या तारा एकदम सरकतात, पण पेडल दाबलं की ठरलेल्याच तारेचा सूर वर चढतो आणि शेजारची जागेवर राहते, तो रडका आवाज त्यातनंच येतो. 1954 साली गायक वेब पियर्सच्या रेकॉर्डवर बड आयझॅक्सनं तेच केलं आणि बाकीचे स्टीलवाले आपापल्या गिटारला पेडलं बसवत सुटले. मशिनरीच ढिली असेल तर हात कितीही गोड असूदे, तार जागेवर परत येणार नाही आणि तू पब्लिकसमोर बेसूर.

कामाचं बोलला तो माझा ऑस्टिनचा मावसभाऊ. तो तिथल्या वाजवणाऱ्यांना विचारून आला. त्यांनी ब्रँडचं नाव ऐकून नुसती मान हलवली आणि लगेच विचारलं, नी लीव्हर (गुडघ्यानं ढकलायचे) किती आहेत, चेंजर, म्हणजे तारेचा सूर वर-खाली करणारा भाग, ऑल-पुल (दोन्हीकडं रॉड ओढूनच चालणारा) आहे का, आणि बनवणारा अजून धंद्यात आहे का. ह्या धंद्यात कंपनी म्हणजे बऱ्याचदा एक माणूस आणि त्याचं गॅरेज, त्यामुळं नाव ऐकलेलं नसलं म्हणजे माल हलका असं काही नसतं. आणि मोठं नाव असलं तरी माल चांगलाच असतो असंही नाही. शो-बडचंच मॅव्हरिक बघ, नावाला शो-बड, पण तीन पेडलं आणि एकच नी लीव्हर, शिकणाऱ्याला तिथले लोक स्वतःच सांगतात की त्याच्या नादाला लागू नको, कारण पुढं लीव्हर वाढवायला गेलास तर सहज जमत नाही. त्यापेक्षा तीन पेडलं आणि चार लीव्हरचं बिननावाचं केव्हाही चांगलं. कार्टरचं बघ, कंपनी बंद पडली तरी त्यांची स्टील अजून लोक आनंदानं वाजवतात.

पार्ट मिळणार नाहीत ही तुझी भीती मला कळते, पण जरा विचार कर, मोठ्या ब्रँडचे पार्ट तरी लक्ष्मी रोडला मिळतात का? इथं कुठलाच सर्व्हिसवाला नाही, त्यामुळं सगळे ब्रँड आपल्याला सारखेच परके. आणि खाली असतं तरी काय, पेडलाची ओढ तारेपर्यंत नेणारे क्रॉस शाफ्ट, बेल क्रँक, बारीक रॉड आणि टोकाला नायलॉनचे नट. मी माझं स्टील उलटं करून उद्यमनगरात नेलं होतं, तिथल्या टर्नरनं आयुष्यात गिटार हातात धरलेली नाही, पण रॉड बघितला, दोन बोटांत फिरवला, व्हर्निअर लावला आणि म्हणाला, "एवढंच व्हय? उद्या या." सतार असती तर मिरजेला गेलो असतो, तिथं लाकडाला कान असलेली माणसं आहेत, पण आपला रोग लोखंडात. फाउंड्री आणि लेथच्या गावात राहून रॉडची काळजी कशाला करायची? फक्त चेंजरची बोटं, म्हणजे ज्यांच्यावरनं तार जाते ती, झिजलेली किंवा तुटकी असली तर हात लावू नको. ते काम बारीक असतं आणि तिथंच सगळा सूर असतो. आणखी एक, अमेरिकन असेल तर ॲलन की इंची लागणार, आपली एमएमची बसत नाही, जबरदस्ती केलीस तर नट खलास. विकणाऱ्याकडनं चावी मागून घे.

बघायला जाशील तेव्हा ट्यूनर घेऊन जा. ई नाईन ट्यूनिंग असणार, म्हणजे तारा ई कॉर्डच्या धर्तीवर लावलेल्या. चौथी तार ई, ती वाजव, मग ए आणि बी नावाची दोन्ही पेडलं एकदम दाब. ए पेडल बी सुराच्या तारा सी शार्पवर नेतं, बी पेडल जी शार्पच्या तारा ए सुरावर नेतं, म्हणजे बार न हलवता ई कॉर्डचा ए कॉर्ड होतो, आणि चौथी तार हलायला नको. ट्यूनरचा काटा थोडा खाली येणारच, पेडलं दाबली की बॉडी किंचित वाकते, ते चांगल्या चांगल्या स्टीलमध्ये पण होतं. पण कानाला कळण्याइतका पडला तर तिथनंच नमस्कार करून निघ. मग ई ला डी शार्पवर उतरवणारा नी लीव्हर दाबून सोड, असं चार वेळा कर, दरवेळी काटा ई वरच परत आला पाहिजे. जुनी बुलेट घेताना कसं आपण पाच वेळा किक मारून बघतो, तसं, आणि विकणारा कितीही घाई करूदे, लाजायचं नाही. नंतर खाली वाकून टॉर्च मारून बघ, गंज किती आहे. आणि ए पेडल डावीकडं आहे का उजवीकडं तेही बघ, डावीकडं असेल तर एमन्स सेटअप, उलटं असेल तर डे सेटअप, स्टीलवाला जिमी डे वापरायचा तो. दोन्ही चालतात, पण शिकायचे व्हिडिओ बहुतेक एमन्सवाले, उगाच डोक्याला ताप.

बॉडी मायक्याची असली तर उत्तम. लोक लाकडाच्या चकाकीला भुलतात, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात मायका बिनघोर. आणि तू बुटका आहेस (रागावू नको), त्यामुळं खुर्चीवर बसून लीव्हर गुडघ्याला नीट लागतात का ते बघ, स्टीलच्या पायांची उंची कमी-जास्त होते पण लीव्हरची जागा सहज बदलत नाही. तिसऱ्या तारेचा एक पुडका आधीच घेऊन ठेव, 11 गेजची, तीच सारखी तुटते, इलेक्ट्रिक गिटारची सुटी प्लेन तार चालते.

किमतीचं मी काय सांगू, तो जे म्हणतोय त्यात केस, व्हॉल्यूम पेडल आणि बार धरलाय का ते विचार. व्हॉल्यूम पेडल वेगळं घ्यायला लागलं तर खिशाला चांगलाच चटका बसतो, त्यावर घासाघीस कर.

जमलं तर रविवारी जा आणि तिथनंच मला व्हिडिओ कॉल लाव, खालची बाजू दाखव आधी, वरची नंतर. वहिनींना सांग की हे टेबल नाही, त्यावर कपड्यांच्या घड्या ठेवायच्या नाहीत. काकूंना नमस्कार.

तुझा,
दिप्या
कोल्हापूर