नारोशंकराची घंटा

चि. सोहम यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, वसईच्या किल्ल्यातलं काहीच आठवत नाही, नुसता बोंबलांचा वास आठवतो. तेव्हा हसले, पण एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे. फोनवर तू कायम घाईत, म्हणून लिहितेय.

तू चौथीत होतास, दिवाळीची सुट्टी होती. ठाण्याहून लोकलने दिवा आणि तिथून वसईची गाडी. जातानाच ती तासभर रखडली आणि परतीची चुकली असती तर पंचाईत, त्या मार्गावर गाड्याच मोजक्या. किल्ल्यात जेमतेम दोन तास मिळाले. त्यातला निम्मा वेळ मी घड्याळाकडे बघत होते. बाबांच्या चिडचिडीबद्दल तर बोलायलाच नको.

तुझ्या लेखी किल्ला म्हणजे डोंगर. "इथे तर चढायचंच नाहीये!" म्हणून भूईदरवाज्यातच रुसलास. मग मी सांगितलं की हे तटाच्या आत वसवलेलं अख्खं शहर होतं. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढच्या दोनशे वर्षांत त्यांनी इथे चर्च, मठ, वाडे उभे केले. आपल्या जेलचा तट आहे ना, तो ठाण्याचा किल्लाही त्यांनीच 1730 मध्ये बांधायला घेतलेला. तुला त्यात काडीचा रस नव्हता. मात्र एका पडक्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा दिसल्या, त्यावर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. अक्षरांवर पाय पडू नये म्हणून तू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लंगडी घालत गेलास. हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. दर्यादरवाज्यातून बाहेर पडलो तर पुढे कोळीवाडा, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. तुझा तो वास तिथला.

मग सेंट जोसेफ चर्चचा मनोरा. आतला गोल जिना इतका अरुंद की बाबा खालीच थांबले. वर पोचल्यावर तू विचारलंस, "आई, घंटा कुठेय?" माझ्या डोळ्यांपुढे गाडी. म्हटलं, "चोरांनी नेली असेल, चल खाली."

गेल्या महिन्यात मावशीबरोबर नाशिकला पंचवटीत गेले. गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ, 1747 सालचं. तिथली भलीमोठी घंटा बघत उभी होते, तर मावशी सहज म्हणाली, "ही वसईची." मी तिच्याकडे बघतच राहिले. 1739 च्या मे महिन्यात चिमाजीआप्पांच्या फौजेने सुरुंग लावून बुरुजाला खिंडार पाडलं, वसई घेतली आणि चर्चमधल्या घंटा सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला. भीमाशंकरला तर आपण दोनदा जाऊन आलो!

म्हणजे मी ज्यांना चोर म्हटलं ते आपलेच निघाले. इतिहासाच्या बाईंना सांगू नकोस.

नाशिकची घंटा तुझ्या मनोऱ्यातलीच, असं मी म्हणत नाही. वसईत चर्च काय कमी होती? पण तू घरभर ओरडत फिरायचास तेव्हा आजी काय म्हणायची, आठवतं? "आली नारोशंकराची घंटा!" तू तेव्हाही खिदळायचास. ती कुठली, हे ना तू विचारलंस, ना मी.

जानेवारीत येशील तेव्हा घोडबंदरमार्गे गाडीने जाऊ, सकाळी लवकर निघून. तो जिना आता चढू देतात की नाही बघू. येताना वसईची सुकेळी घ्यायची आहेत, मागच्या वेळी घाईत तीही राहिली.

बाबांचा गुडघा बरा आहे. जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी आई