विषय: वाळूवरचे तंबू आणि काल मी तुम्हाला केलेला फोन

व्यवस्थापक,

तुमचे तंबू कुठे ठोकलेत हे तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते. पाण्यापासून वीस पावलांवर, उघड्या वाळूवर. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब राहावं, हे कॅम्पिंगला जाणाऱ्या नवख्यालाही शिकवतात. वरच्या अंगाला पाऊस झाला की इथे थेंब न पडताही नदी रात्रीतून चढते. तुमचा माणूस म्हणाला, "आजवर काही झालं नाही." भांडीही थेट नदीत साबणाने घासत होते.

पण पत्र लिहायला बसले ते अंड्यांसाठी. सकाळी तंबूमागे दहा हातांवर वाळूत एक उथळ खळगा दिसला, त्यात वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची दोन अंडी. पाय पडता पडता वाचला. सुरय पक्ष्यांची जोडी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. आम्ही तिथे असेपर्यंत खाली उतरेना. ऊन चढलं, वाळू तापली आणि अंड्यांवर आईबापांची सावली नसली, की आतला जीव जातो. आम्ही लगेच सामान उचलून वर झाडीकडे गेलो. बाकीचे तंबू तिथेच राहिले.

दोन फोन वाया गेले. काल तिसरा केला. सगळं सांगितल्यावर तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, "मॅडम, पक्षी तुमच्या बुकिंगमध्ये येत नाहीत." मी म्हटलं, बुकिंगच संवर्धन क्षेत्राचं आहे. त्यांनी मला थांबायला सांगितलं. अकरा मिनिटं मी कानाला फोन लावून उभी होते. परत आल्या आणि विचारलं, "तुम्हाला नदीकडे तोंड असलेला तंबू मिळाला होता ना?" मिळाला होता. "मग तक्रार कशाची?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, तर मध्येच, "ठीक आहे, बंद करते," आणि फोन कट. दोन मिनिटांत मेसेज: 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.' कुणाचं समाधान झालं? माझं नाही. त्या जोडीचं तर नाहीच.

तुमच्या जाहिरातीत 'निसर्गाचा मान राखणारा कॅम्प' असं लिहिलंय. ते वाचून मी मुलांना घेऊन आले होते. माझ्या धाकटीने मला विचारलं, "आपण त्यांच्या घरात झोपलो होतो का?" तिला हो म्हणावं लागलं, याची मला लाज वाटते. तुम्हालाही वाटायला हवी.

मला पैसे परत नकोत. पुढची तुकडी येण्याआधी वाळूवरचा एकूण एक तंबू हलवा आणि पिल्लं उडेपर्यंत तिथे कुणाला उतरू देऊ नका. सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर तारीख-वेळेसकट सगळे फोटो आणि तुमचा तो मेसेज त्या क्षेत्राच्या अधिकाऱ्यांकडे जाईल.

फोन करू नका. लेखीच कळवा.

— वाळूवरच्या तिसऱ्या तंबूतली तुमची ग्राहक