‘आता तूच घरचा कर्ता’

संपादक महोदय,

वडील गेलेल्या घरात रक्षाविसर्जनाला जमलेली वडीलधारी माणसे आठवी-नववीतल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून ‘आता तूच घरचा कर्ता, आईला सांभाळ, रडायचं नाही’ असे सांगतात. हेतू धीर देण्याचाच असतो. परंतु कोल्हापूर परिसरातील माध्यमिक शाळांत अठ्ठावीस वर्षे शिकवल्यानंतर मला वाटते की, त्या एका वाक्याने मुलाचा रडण्याचा हक्क आपण त्याच दिवशी काढून घेतो.

असा मुलगा शाळेत परततो तेव्हा गप्प असतो, आणि सगळे त्याच्या समजूतदारपणाचे कौतुक करतात. दोन-तीन महिन्यांनी गृहपाठ राहू लागतो, क्षुल्लक कारणावरून मारामारी होते, पहिल्याच तासाला तो बाकावर डोके टेकून झोपतो आणि त्याच्या नावावर ‘बेशिस्त’ असा शिक्का बसतो. या वयातील नैराश्य बरेचदा चिडचिडीतून, बिघडलेल्या झोपेतून आणि अभ्यासावरून उडालेल्या मनातून दिसते, हे आम्हा शिक्षकांना कोणी नीट शिकवले नाही. अशाच एका मुलाला मी वर्गाबाहेर उभे केले होते; त्याचे वडील चार महिन्यांपूर्वी वारल्याचे मला नंतर कळले. ती खंत आजही जात नाही.

वडिलांचे नसणे एकाच प्रकारचे नसते. वडील सैन्यात असतील, तर मूल ते अभिमानाने सांगते. आई सासर सोडून माहेरी राहत असेल, तर तेच मूल ‘बाबा पुण्याला असतात’ असे सांगते आणि ते खोटे रोज सांभाळताना आतून थकून जाते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात, पहिल्या पाच वर्षांतच वडील दुरावलेल्या मुलींमध्ये चौदाव्या वर्षी नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही, कारण आपल्याकडे आजोबा, मामा, चुलते पाठीशी उभे राहतात. मात्र अनेक घरांत हा आधार शाळेची फी आणि मुलीचे लग्न यांपुढे जात नाही, हेही मी पाहिले आहे.

आईचे कुंकू पुसताना, बांगड्या फोडताना मूल ते पाहत असते. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथाबंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. त्या ठरावाकडे आपण स्त्रीच्या सन्मानाचा ठराव म्हणून पाहिले. माझ्या मते तो मुलांसाठीही तितकाच मोलाचा आहे, कारण वडील गमावलेल्या मुलाला आई तरी पूर्वीसारखी दिसली पाहिजे.

बालसंगोपन योजनेतून अशा मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि त्यांची गरज आहेच. पण अर्जाची कागदपत्रे गोळा करताना मुलाला झोप लागते का, एवढेही कोणी विचारत नाही. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक असावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत. आपल्या जिल्ह्यातील किती शाळांत ते अमलात आले, हे शिक्षण विभागाने जाहीर करावे. तोवर ‘टेली-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक शाळेच्या दर्शनी फलकावर लिहावा, आणि प्रगतिपुस्तकावर ‘वडिलांची सही’ असे छापण्याऐवजी येत्या जूनपासून ‘पालकाची सही’ असे छापावे.

— एक निवृत्त माध्यमिक शिक्षक, कोल्हापूर