कापड, तारखा आणि हिशेब : मित्रास पत्र

कोल्हापूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मनूने फॅशन आणि अपॅरल मर्चंडायझिंग मॅनेजमेंट हा विषय घ्यायचे मनात धरले आहे, काकांना तो शिवणक्लासचाच मोठा प्रकार वाटतो, काकूंना त्या क्षेत्रातल्या झगमगाटाची धास्ती वाटते आणि तू या तिघांच्या मध्ये सापडला आहेस, हे वाचून फोन करण्याऐवजी सविस्तर लिहायचे ठरवले. हे पत्र काकांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे, म्हणून जे सांगतो ते उदाहरणांसह सांगतो.

कपड्याची कल्पना सुचणे आणि ती कागदावर उतरवणे हे डिझायनरचे काम. तोच कपडा ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या किमतीत, सगळ्या मापांत आणि हव्या तेवढ्याच संख्येने दुकानात यावा, यासाठी सूतगिरणीपासून विक्रेत्यापर्यंत सर्वांशी बोलत राहणारा आणि प्रत्येक टप्प्याचा जाब देणारा माणूस म्हणजे मर्चंडायझर. या कामाला चित्रकला फारशी लागत नाही. कापडाची पारख, आकडेमोड आणि माणसांशी सबुरीने बोलण्याची सवय लागते. मनूला लहानपणापासून काकांच्या दुकानाच्या वहीत रस होता, हे मला आठवते, आणि म्हणूनच तिची निवड मला अजिबात अनाठायी वाटत नाही.

आकडेमोड म्हणजे नेमके काय, हे एका साध्या टी-शर्टवरून सांगतो. समज, अंगाची लांबी ७० सेंमी, बाही २२ सेंमी आणि शिलाई व दुमडीसाठी १० सेंमी, असे मिळून १०२ सेंमी झाले. छातीचे अर्धे माप ५४ सेंमी आणि त्यात शिलाईचे ४ मिळवून ५८ सेंमी. या दोहोंचा गुणाकार करून पुढचा आणि मागचा भाग म्हणून दुप्पट केली, की ११,८३२ चौरस सेंमी, म्हणजे सुमारे १.१८ चौरस मीटर कापड लागते. कापडाचे वजन दर चौरस मीटरला १८० ग्रॅम असेल, तर एका टी-शर्टला २१३ ग्रॅम, आणि कटिंगमधली घट १० टक्के धरली तर सुमारे २३४ ग्रॅम कापड लागले. हेच कापड १६० ग्रॅमचे घेतले, तर २०८ ग्रॅममध्ये भागते. फरक अवघा २६ ग्रॅमचा दिसतो, पण दहा हजार नगांच्या ऑर्डरवर तो २६० किलो कापडाचा होतो. आता बायरने, म्हणजे माल मागवणाऱ्या खरेदीदार कंपनीने, १८० ग्रॅम मागितले असताना कोणी १६० ग्रॅमचे कापड गुपचूप लावले, तर त्याची कमाई कुठून होते आणि तपासणीत तो माल का अडकतो, हे दोन्ही या एका हिशेबात कळते. या अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात आमच्याकडून हे गणित इतक्या वेळा करून घेतले, की आता बाजारात टी-शर्ट हातात घेतला तरी मी मनातल्या मनात त्याचे वजन करतो.

त्यानंतर येतात नमुने. प्रथम प्रोटो म्हणजे कल्पनेवरून शिवलेला पहिला नमुना, मग अंगावर कसा बसतो ते पाहण्यासाठी फिट, मग सगळ्या मापांचा साइझ सेट आणि शेवटी प्री-प्रॉडक्शन सॅम्पल, म्हणजे उत्पादनाआधीचा अखेरचा नमुना. या शेवटच्या नमुन्याला बायरची मंजुरी मिळाल्याखेरीज कटिंग टेबलावर कापड अंथरायचे नाही, हा शिरस्ता. मला यातला रंगाचा टप्पा सर्वांत विलक्षण वाटला. रंगवणारा कारखाना हाताएवढ्या कापडाच्या तुकड्यांवर एकाच रंगाच्या दोनतीन छटा करून पाठवतो, त्यांना लॅब डिप म्हणतात. ते तुकडे एका पेटीत मूळ नमुन्याला खेटून ठेवतात आणि आतले दिवे आळीपाळीने लावतात. डी ६५ म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, टीएल ८४ म्हणजे दुकानातल्या ट्यूबलाइटसारखा. पहिल्या दिव्याखाली जुळे भाऊ वाटणारे दोन निळे रंग दुसरा दिवा लागताच वेगळे पडतात, एक किंचित जांभळट होतो आणि दुसरा हिरवटाकडे झुकतो. आमच्या बाई प्रत्येकाला त्या पेटीसमोर उभे करून आपले मत लेखी द्यायला लावत, कारण 'बहुधा चालेल' असे म्हणणाऱ्याच्या शब्दावर पुढे हजारो मीटर कापड रंगते. मत तीनदा बदलले, तर कापड तीनदा रंगते, आणि त्या रंगाचे पाणी कुठे जाते, हे पंचगंगेकाठच्या माणसाला मी काय सांगावे! विद्यार्थ्याला रंगखाते दाखवताना त्याच दिवशी सांडपाण्याची प्रक्रियाही दाखवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आता ज्यासाठी मी हे पत्र मुख्यतः लिहितो आहे, ती गोष्ट. या विषयाचा कणा म्हणजे तारखा. माल जहाजावर चढवायची तारीख पक्की असते आणि तिथून उलटे मोजत यायचे असते: फिनिशिंग कधी संपायला हवे, शिलाई कधी सुरू व्हायला हवी, कापड कधी घरात यायला हवे, बटणे आणि लेबले कधी मागवायला हवीत. या तक्त्याला टाइम अँड अ‍ॅक्शन कॅलेंडर म्हणतात. आता बघ, बायरने मंजुरी द्यायला आठवडा उशीर केला, मग कापड पाच दिवस उशिरा आले, तरी जहाजाची तारीख सहसा हलत नाही. हे हरवलेले दिवस तक्त्याच्या शेवटी जो बसला आहे त्याच्या अंगावर येतात, आणि शेवटी बसलेली असते शिलाई मशीनवरची बाई. तिने रात्री उशिरापर्यंत थांबून ते भरून काढायचे असतात. ती बाई ना ईमेलमध्ये दिसते, ना बैठकीत.

बांगलादेशातील ढाक्याजवळच्या सावर येथील राना प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकाने बंद राहिली, वरच्या कपड्यांच्या कारखान्यांत मात्र कामगारांना आत बोलावले गेले. आम्हाला हे प्रकरण वर्गात शिकवले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. बेकायदा चढवलेले मजले आणि ढिसाळ बांधकाम ही त्याची उघड कारणे होतीच. पण त्या सकाळी माणसे आत का गेली, याचे उत्तर पगार कापला जाण्याच्या भीतीत आणि माल वेळेत रवाना करण्याच्या तगाद्यात होते. माझ्या लेखी या शिक्षणाची खरी कसोटी इथे आहे. मंजुरीचा एक ईमेल आज पाठवायचा की सोमवारी, हा निर्णय वातानुकूलित खोलीत बसलेली व्यक्ती घेते आणि त्याची किंमत दुसऱ्या गावातली, कधी दुसऱ्या देशातली कारागीर मोजते, एवढे ज्याला मनापासून कळले, त्याने हा विषय जरूर शिकावा. मनूला हे नक्की कळेल, असे मला वाटते.

काकांना दुसरी बाजू अधिक जवळची वाटेल, कारण ती दुकानाची आहे. महिन्याला किती खरेदी करायची, याचे एक सूत्र असते: अपेक्षित विक्री, सवलतीत जाणारी रक्कम आणि महिनाअखेर हवा असलेला साठा यांची बेरीज करायची आणि तीतून हातातला साठा व आधीच मागवलेला माल वजा करायचा. समज, विक्री ५ लाख, सवलत २५ हजार, अखेरचा साठा ९ लाख, सुरुवातीचा साठा साडेसात लाख आणि वाटेवरचा माल ३ लाख. तर नव्या खरेदीला पावणेचार लाख उरतात, त्याहून एक रुपया जास्त नाही. आता कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारातले जुने व्यापारी हे सूत्र न मांडताही हाच हिशेब करतात, आणि त्यात आमच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट धरतात, ती म्हणजे ऊसबिल. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत, द्यावी असा नियम आहे. ते बिल वेळेवर जमा झाले की लग्नाचा बस्ता मोकळ्या हाताने बांधला जातो, आणि रखडले की तेच घर साड्यांचा भाव खाली उतरवून मागते. प्रकल्पासाठी मी शेवटचे सत्र मुद्दाम कोल्हापुरात घेतले ते याच कारणाने. आपल्या भागाची मागणी आपल्या भागाच्या पिकावरून मांडणारे कोणी तरी हवेच ना?

कर हाही या हिशेबाचाच भाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २,५०० चा कुर्ता ग्राहकाला २,६२५ ला पडतो, आणि २,६०० चा थेट ३,०६८ ला. शंभर रुपयांच्या जास्तीच्या भरतकामाने ग्राहकाच्या खिशातून ४४३ रुपये जास्त जाणार असतील, तर ते भरतकाम करायचे की नाही, हा सौंदर्याइतकाच मर्चंडायझरचा प्रश्न होतो.

आपल्याकडे हे शिकण्याची गरज का आहे, तेही सांगतो. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला. इचलकरंजीत तर १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि १९८२ पासून तिथे वस्त्रोद्योगाचे महाविद्यालय आहे. विणण्याचे कसब आपल्याकडे शतकाहून जुने आहे. परवा एका शेडमध्ये एका जुन्या कारागिराने भिंग कापडावर टेकवले, सुईचे टोक एकेका धाग्यावरून पुढे सरकवत इंचातले आडवे धागे मोजले आणि माग थांबवायला सांगितला. धागे दोनच कमी होते. त्या शेडच्या मालकाला मजुरी मिळते ती 'पिक'वर, म्हणजे अशाच आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. सूत दुसऱ्याचे, कापड दुसऱ्याचे, आणि ते ग्रे, म्हणजे न रंगवलेले, कापड बाहेर रंगून, शिवून, लेबल लागून कितीला विकले गेले, हे त्याला कळतही नाही. भाव ठरतो तो ग्राहकाच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या टेबलावर, आणि त्या टेबलावर आपल्याकडची माणसे फार कमी बसतात. १९७४ पासूनची देशवार कोट्याची पद्धत १ जानेवारी २००५ ला संपल्यावर तर बायर कोणत्याही देशातून हवा तेवढा माल घेऊ लागले, त्यामुळे कापड चांगले असणे एवढ्यावर भागत नाही. कॉस्टिंग म्हणजे नगामागच्या खर्चाचा हिशेब, वेळ आणि सातत्य यांची भाषा बोलणारे कोणी तरी लागते. मनूसारख्या मुली शिकून इथे परत आल्या, तर हे टेबल इचलकरंजीतही मांडता येईल, आणि ते मांडले जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता थोडे व्यवहाराचे. संस्था निवडताना जाहिरातीतले रॅम्पवरचे फोटो पाहू नका. कापड तपासण्याची प्रयोगशाळा आहे का, प्रत्यक्ष कारखान्यात किती महिने पाठवतात आणि शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी कारखान्यात काम केले आहे, हे विचारा. बारावीनंतर लगेच हाच विषय घ्यायला हवा असेही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पुढे पदव्युत्तर अभ्यास करता येतो, आणि १९८६ साली स्थापन झालेल्या निफ्टमधला, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेतला, फॅशन मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे, मात्र प्रवेश परीक्षा द्यावी लागते. खर्च लहान नाही, तेव्हा शिष्यवृत्तीची चौकशी आधीपासून करावी. एक्सेल तिने आजपासूनच शिकायला घ्यावे. आणि सुरुवातीच्या नोकरीत दिवसभर फोन, पाठपुरावा आणि उशिरा घरी येणे हेच असते, हे काकूंना आधीच सांगून ठेव. झगमगाटाची काळजी त्यांनी सोडावी, वेळेवर जेवण्याची करावी.

पुढच्या महिन्यात तू सुटीवर येशील तेव्हा मनूला आणि काकांनाही घेऊन ये. सकाळी इचलकरंजीला सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावण्याचे काम, आणि मागाची शेड पाहू, दुपारी गांधीनगरात एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे बसू. मी त्यांच्याशी बोलून ठेवतो. मंगळवार टाळून दिवस ठरव आणि मला आठवडाभर आधी कळव. मनूला तोवर घरातला एक जुना शर्ट उसवून त्याचे किती तुकडे निघतात ते मांडून ठेवायला सांग, कॉस्टिंगची सुरुवात त्यावरून करू.

काका-काकूंना नमस्कार, मनूला आशीर्वाद.

तुझा,
अमोल