‘सगळं विसरले’ हे वाक्य जरा जपून छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सध्या आयांचे बाळंतपणाचे अनुभव येत आहेत. मी ते सगळे वाचते. उपक्रम चांगलाच आहे, पण एक गोष्ट खटकते. कळा कुठे सुरू झाल्या, दवाखान्यात कशा पोचलो, नवरा कसा गांगरला हे सगळं झालं, की जवळजवळ प्रत्येकीचा शेवट एकच: ‘बाळाचं तोंड पाहिलं आणि सगळं विसरले.’ मी हिशेब तपासणीचं काम करते. वर एवढे मोठे खर्च आणि खाली एका ओळीत सगळं जुळलेलं दिसलं, की आम्ही पावत्या मागतो.

माझी दोन बाळंतपणं झाली, पहिलं नॉर्मल, दुसरं सिझर. मी काही विसरलेले नाही. आणि मुलं मला जिवापाड प्रिय आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या असू शकतात, एवढं तरी आपल्या पुरवणीत यावं म्हणून हे पत्र.

पहिल्या वेळी मी कळा देत पडले होते तेव्हा दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन तपासून जायचं. कोण, कशासाठी, हे सांगायची पद्धत नव्हती. ‘अजून चारच सेंटिमीटर?’ असं एकीने ज्या सुरात विचारलं, तो सूर मला परीक्षेत नापास झाल्यासारखा लागला. गर्भपिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं लागतं आणि सुरुवातीचे चार-पाच सेंटिमीटर फार हळू जाऊ शकतात, त्यात बाईचा काही दोष नसतो, हे मला बऱ्याच नंतर वाचून कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्टच सांगितलं, की तासाला एक सेंटिमीटर हा नियम सगळ्यांना लावू नका, आणि तिला हवं ते माणूस प्रसूतीच्या वेळी सोबत असू द्या. त्याच दिवशी पाळी बदलल्यावर एक सिस्टर आल्या. ‘आता मी हात लावते हं, गार लागेल’, असं दर वेळी आधी सांगायच्या. दुखायचं तेवढंच दुखलं. पण त्या आल्यापासून मी दात खाणं थांबवलं.

मग बाळ झालं. त्याला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा मी थडथड कापत होते. थंडी वाजून नव्हे. बाळंत झाल्यावर पुष्कळ जणींना असा थरकाप सुटतो आणि तो आपोआप थांबतो. मला मात्र वाटलं, आपलं काहीतरी बिघडलं. बाळाचे डोळे सुजलेले, अंगावर पांढरा चिकट थर. मी पाहिलं आणि मनात आलं, संपलं एकदाचं. बस्स. कसलं भरून येणं नाही, काही नाही. शेजारी कुणीतरी म्हणालं, ‘बघ, विसरलीस ना सगळं?’ मी मान हलवली. खाली टाके घालणं चालूच होतं.

माझ्या धाकट्या बहिणीला खरोखर त्या क्षणी भरून आलं होतं. ती खोटं सांगत नाही, आपल्या पुरवणीतल्या बायकाही सांगत नसतील. माया मलाही लागली, पण नंतर. नेमकी कधी ते सांगता येणार नाही. कुठल्याशा रात्री दूध पिता पिता त्याला शिंक आली आणि स्वतःच्याच शिंकेने ते दचकलं, तेव्हा मला हसू फुटलं, एवढं आठवतं. मधले दिवस मात्र आपण आई म्हणून कमी पडतोय या समजुतीत गेले, कारण ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते.

पुरवणीत जे येत नाही ते थोडं लिहिते. संकोच वाटला तर आरोग्याच्या पानावर छापा.

टाके पडलेल्या बाईला बसता येत नाही. मी एका कुल्ल्यावर भार टाकून दूध पाजायची, त्याने कंबर जायची. लघवीला आग व्हायची. वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं, कोमट पाण्याची बाटली घेऊन जा आणि लघवी करताना वरून ओतत राहा. इतका साधा उपाय, पण कुणा शिकलेल्या माणसाच्या तोंडून तो आला नाही. पहिल्यांदा शौचाला जायची भीती कळांच्या भीतीपेक्षा मोठी होती, हे मी आजवर फक्त दोघींना सांगितलं आहे आणि दोघीही म्हणाल्या, ‘अगं, माझंही तेच!’

दुसऱ्या वेळी बाळ अंगावर घेतलं की ओटीपोटात पुन्हा कळा यायच्या. बाळ चोखतं तेव्हा शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने पान्हा फुटतो आणि गर्भपिशवीही आवळते. बाळंत झाल्या झाल्या ती जवळजवळ किलोभर वजनाची असते, सहा आठवड्यांत साठेक ग्रॅमवर येते. या कळा दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला जास्त जाणवतात. सिझर झालं म्हणजे अंगावरून जात नाही, हा समज तर माझाही होता. जातं, आठवडेच्या आठवडे जातं. पाठीत इंजेक्शन दिल्यावर पोटात ओढाताण कळते पण दुखत नाही, हेही आधी कळलं असतं तर टेबलावर मी इतकी घाबरले नसते. ‘तुझं बरं, कळाच नाहीत’, असं म्हणणाऱ्यांनी सिझरनंतर एकदा खोकून बघावं. मी उशी पोटाशी दाबून धरायची आणि मग खोकायची.

तिसऱ्या दिवसाच्या सुमारास दूध उतरलं आणि छाती दगड झाली. त्याच दिवशी मला रडू कोसळलं. पडदा नीट सरकत नव्हता, एवढंच कारण. हे इतक्या जणींना होतं की होत नाही अशीच बाई शोधावी लागेल. बहुतेकींचं दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. त्यापुढे टिकलं, झोप मिळत असूनही झोप लागेना, कशातच मन लागेना, सारखं स्वतःलाच दोष देणं चाललं, तर ते नुसतं रडू राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, आणि त्यात मुख्य आहे नैराश्य. ते ओळखायला ‘एडिनबरा’ नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली 1987 पासून वापरात आहे. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच त्यात विचारतात, पाच-दहा मिनिटांत भरून होते. मला सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत विचारलं गेलं ते असं: ‘बाळ दूध पितं ना? टाके बरे ना? छान.’ बाळाला वजनकाट्यावर ठेवलं. माझ्याकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

वजनावरून आठवलं. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत होतं. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर मात्र नीट बघावं लागतं. माझ्या बाळाचं थोडंसं उतरलं, तर भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्या दुधावर बोलून गेला. अशा वेळी सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, हेही लिहायला हवं. ‘तिला झोपू द्या, मग बोला’, म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

विसरण्याच्या आग्रहाचा खरा धोका मला माझ्या वहिनीमुळे कळला. ती बाळंत होऊन घरी आली आणि चारेक दिवसांनी तिचं डोकं धरलं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सगळ्यांनी सांगितलं, जागरण आहे, होतं असं, बाळाकडे बघ म्हणजे बरं वाटेल. ती बघत राहिली. शेवटी माझ्या भावाने सहज म्हणून तिचं ब्लडप्रेशर मोजून घेतलं आणि तिथूनच तिला परत दाखल करावं लागलं. गरोदरपणात ब्लडप्रेशर अगदी व्यवस्थित असलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत हा त्रास उद्भवू शकतो, आणि त्यात झटके येऊ शकतात. असह्य डोकेदुखी, नजरेत फरक, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, बाळाला किंवा स्वतःला काही करून घेण्याचे विचार, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठायचा. ही यादी बाळाच्या लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लावायला हवी होती. आमच्या घरी फक्त तक्ता होता.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की बाळंतपणानंतर पहिल्या 24 तासांत, मग 48 ते 72 तासांत, मग सातव्या ते चौदाव्या दिवसात आणि सहाव्या आठवड्यात आई आणि बाळ दोघांचीही तपासणी व्हावी. दोघांची. घरी आल्यावर बहुतेक ठिकाणी बाळाच्याच फेऱ्या होतात आणि आई त्याला उचलून आणणारी असते.

आणखी एक. पाहायला बाळाचं तोंड होतं, पण बाळ राहिलं नाही, अशा बायका आपल्या पुरवणीत एकही दिसली नाही. त्यांनी कशाच्या बळावर विसरायचं? दिवस बरेच भरलेले असताना बाळ गेलं तरी दूध येतं. माझ्या एका मैत्रिणीला आलं. ते कसं आटवायचं हे सांगायला कुणी थांबलं नाही. तिथून बाजूला होणं सगळ्यांनाच सोपं वाटलं. खोली मात्र तिला बाळंतिणींच्याच रांगेत दिली होती. तिला मी हे पत्र वाचून दाखवलं. एवढा मजकूर नक्की ठेव, म्हणाली.

आपण दोनशे शब्दांची मर्यादा घातली आहे. दोनशे शब्दांत कळाच येऊन संपतात, म्हणून बायका शेवटी ते तयार वाक्य उचलून ठेवत असाव्यात. तेव्हा पुढच्या भागांसाठी आवाहन छापाल तेव्हा ‘तुमचा बाळंतपणाचा अनुभव कळवा’ एवढंच लिहू नका. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात काय झालं, कुणी काय केल्याने बरं वाटलं, कोणती गोष्ट आधी कुणी सांगायला हवी होती, असं विचारा. शिंकताना लघवी सुटते हे बाळंतपणानंतर साधारण तिघींपैकी एकीच्या वाट्याला येतं, त्यावर व्यायाम आहेत, आणि तीनेक महिन्यांनी केस मूठमूठ गळतात ते पुन्हा येतात, अशी उत्तरं आपल्याकडे ढिगाने येतील. वडिलांनाही लिहू द्या. माझ्या नवऱ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे, त्याला कुणी विचारलेलं नाही.

पत्र लांबलं आहे, काटछाट करावी लागेल हे मी जाणून आहे. वहिनीचा आणि मैत्रिणीचा परिच्छेद सोडून कुठेही कात्री लावा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
(नाव छापू नये ही विनंती)