'टॉमी'चं मौन आणि आमचं अरणगाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रॉक संगीतातल्या कथांवर लेख आला, तो पाहून फार आनंद झाला. मराठी दैनिकात या विषयाला अर्धं पान सहसा मिळत नाही. पण त्या लेखात 'द हू' या ब्रिटिश बँडच्या 'टॉमी'ची, म्हणजे गाण्यांतून एक सलग गोष्ट सांगणाऱ्या रेकॉर्डसंचाची, बोळवण 'पिनबॉल (यंत्रावर चेंडू उडवायचा खेळ) खेळणाऱ्या अंध मुलाची गोष्ट' एवढ्या एका ओळीत झाली आहे. मी नगरचा. ती ओळ वाचल्यावर गप्प बसवेना.

'टॉमी' ही गुरू आणि शिष्यांची गोष्ट आहे. पिनबॉल तर तिच्यात फार उशिरा आला. काम बरंच पुढं गेल्यावर बँडचा गिटारवादक आणि 'टॉमी'चा कर्ता पीट टाउनशेंड यानं ते निक कोन या पत्रकाराला ऐकवलं. त्याला ते जड वाटलं. कोनला पिनबॉलचं वेड होतं, म्हणून टाउनशेंडनं पिनबॉलचं गाणं लिहिलं. पुढं तेच सर्वांत गाजलं आणि गोष्ट मागं पडली.

गोष्ट अशी आहे. पहिल्या महायुद्धात कॅप्टन वॉकर बेपत्ता होतो. मागे मुलगा जन्मतो, बायको दुसऱ्याबरोबर संसार मांडू पाहते. १९२१ साली वॉकर जिवंत परततो आणि त्या दुसऱ्या माणसाचा खून होतो. छोटा टॉमी हे सगळं आरशात पाहतो. आता गंमत ऐका : रेकॉर्डवर हा खून कुठेच गायलेला नाही. आपल्याला ऐकू येते ती त्यानंतरची घबराट. पोरानं पाहिलं की काय? मग आईबाप त्याला बजावतात की तू काही पाहिलं नाहीस, ऐकलं नाहीस, कुणाला काही सांगायचंही नाही. मूल ते शब्दशः पाळतं. डोळे, कान, वाचा, तिन्ही बंद. थोरांनी आपली अब्रू वाचवायला पोराला गप्प केल्याची गोष्ट इतक्या थोडक्या शब्दांत सांगितलेली मी तरी दुसरीकडे ऐकली नाही.

त्यानंतर उपचार सुरू होतात. एक बाई नशेचं औषध देते, त्यानं काही होत नाही. हे गाणं सगळे नुसतं ठेक्यासाठी ऐकतात, पण ते तिथं का आहे हे नगरच्या माणसाला सांगावं लागत नाही. कारण टाउनशेंड त्या काळात आमच्या नगरजवळचे गुरू मेहेरबाबा यांचा अनुयायी झाला होता. एलएसडीसारख्या नशेच्या पदार्थांना बाबांचा ठाम विरोध होता. नशेतून देव भेटत नाही, हे ते आपल्या पाश्चात्त्य भक्तांना सांगत असत. टाउनशेंडनंही ते सारं सोडलं होतं. मुखपृष्ठ रंगवणारा माइक मॅकइनर्नी हाही बाबांचाच माणूस.

बाबा पुण्यात १८९४ साली जन्मले. १० जुलै १९२५पासून त्यांनी मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून आणि पुढं ती पाटीही सोडून हातांच्या खुणांनी ते बोलत. लंडनमध्ये 'टॉमी'चं ध्वनिमुद्रण सप्टेंबर १९६८पासून मार्च १९६९पर्यंत चाललं होतं, म्हणजे बाबा गेले तेव्हा काम सुरूच होतं. मे महिन्यात दोन रेकॉर्डचा संच बाहेर पडला. एक न बोलणारा गुरू नगरजवळ होता आणि तिकडे एका न बोलणाऱ्या पोराची गाणी तयार होत होती. दोघांचं मौन मात्र वेगळं. बाबांनी ते स्वतः होऊन घेतलेलं, टॉमीवर ते लादलेलं. हा फरक मनात ठेवून ऐकलं की शेवट समजतो.

आई आरसा फोडते, मुलगा मोकळा होतो आणि लोक त्याच्या पाया पडू लागतात. सॅली सिम्पसन नावाची मुलगी बापाचं न ऐकता त्याच्या सभेला जाते, व्यासपीठाकडे धावते, ढकलली जाते. गाल फाटतो, सोळा टाके पडतात, आणि टॉमीचं प्रवचन तसंच चालू राहतं. पुढं तो भक्तांसाठी शिबिर काढतो : डोळ्यांना पट्टी, कानांत बोळे, तोंडात बूच, आणि पिनबॉल खेळा. जे त्याच्यावर लादलं गेलं तेच तो आता दुसऱ्यांवर लादतो. भक्त उठतात आणि त्याला झुगारून देतात. ज्यानं स्वतः गुरू केला, त्यानंच गुरुपणाची ही बाजू मांडली, याबद्दल मला टाउनशेंडचा मनापासून आदर वाटतो.

आणि मग तीच विनवणी परत येते : मला पाहा, मला स्पर्श करा. आधी ती नाताळच्या गाण्यात येते, आतून कोंडलेल्या पोराची. पुढं डॉक्टर तपासत असताना येते. बाहेरचे तपासण्यांचे निकाल सांगताहेत आणि आत हा हाका मारतोय. शेवटी सगळे निघून गेल्यावर येते आणि तिची प्रार्थना होते. चाल तीच, शब्द तेच, अर्थ तिन्ही वेळा निराळा. अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात १७ ऑगस्ट १९६९च्या पहाटे हे गाणं चालू असतानाच सूर्य उगवला.

मला हे सगळं फार उशिरा उमगलं. शाळेत असताना मावसभावानं मुंबईहून भरून आणलेली कॅसेट होती. वर निळ्या शाईनं नुसतं 'टॉमी' लिहिलेलं. दर ३१ जानेवारीला आजी मला अरणगावला, मेहेराबादला बाबांच्या समाधीपाशी न्यायची. दुपारी सव्वाबाराला हजारो माणसं एकदम गप्प होत. एका वर्षी नेमकी त्याच वेळी दौंडकडची गाडी मधल्या रुळांवरून धडधडत गेली. एकानंही मान वळवली नाही, शेजारच्या बाईंच्या कडेवरचं तान्हं तेवढं गाडीकडे बघत राहिलं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी तीच कॅसेट लावली होती, आणि दोन्हींचा काही संबंध आहे हे मला ठाऊक नव्हतं! कितीतरी वर्षांनी पुण्यात एका मित्राकडे मूळ रेकॉर्ड हातात आली. आतल्या श्रेयनामावलीत वाद्यं, निर्मिती या नावांबरोबर 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलं होतं. मी ते बोटानं दोनदा वाचलं.

परवा भाचीला हे ऐकवायला मोबाइल काढला तर ॲपनं गाणी उलटसुलट लावली. आधी पिनबॉल, मग शेवटची प्रार्थना, मग '१९२१' हे सुरुवातीचं गाणं. तिला साहजिकच काही कळलं नाही. कादंबरीची प्रकरणं पिसून कुणी वाचत नाही. मग ही गाणी क्रमानं, एका बैठकीत ऐकायची असतात हे आपल्या पुरवणीनं वाचकांना सांगायला हवं. चार बाजू मिळून जेमतेम सव्वा तास लागतो.

माझी विनंती एवढीच. 'टॉमी'वर एक स्वतंत्र लेख छापावा, आणि लेखकाला त्याआधी ३१ जानेवारीला अरणगावला पाठवावं. सव्वाबाराच्या आधी पोचायला हवं, आणि दौंड रस्त्यावर त्या दिवशी गर्दी असते. सोबतीला मी येईन.

आपला,
एक नगरकर वाचक